फर्म्यांच्या दोन जोड्या

बूटवाल्याचे पाय वाकडे होते, आणि गिऱ्हाइकाने विचारायच्या आत स्वतःच ते सांगून मोकळं व्हायची त्याला खोड होती. "दिव्याखाली अंधार बघा! जगाला बूट शिवतो आणि स्वतः बदकासारखा चालतो." पाय बाबांकडून आलेले, धंदाही बाबांचाच. लहानपणापासून बाबांनी त्याला बूट शिवून घातले, तेही सगळे काळे. काळ्यावर म्हणे कोणाची नजर जात नाही. डोंबल! शाळेत पोरांची नजर बरोबर तिथेच जायची.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल बायकोला हवं होतं, यालाही हवं होतंच, खोटं कशाला बोला. पण बाळाचे पायही असेच असण्याची शक्यता निम्मी, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तेव्हापासून ह्याचं एकच पालुपद, "बघू." शेवटी बायको म्हणाली, "हो म्हण, नाही म्हण, मी तुझ्यासोबतच आहे. पण हे 'बघू' आता पुरे. रविवारपर्यंत काय ते सांग."

रविवारी सकाळी तो धापा टाकत दुकानाच्या माळ्यावर चढला. बूट ज्यावर ताणून शिवतात तो लाकडी पाय, म्हणजे फर्मा. त्याच्या लहानपणीचे सगळे फर्मे बाबांनी तिथे पेटीत जपले होते. ते टाकून दिले की विषय संपला, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तळाशी पहिल्या वर्षाचे सापडले, आत वळलेले, खिळ्यांच्या भोकांनी भरलेले. त्यांच्याच शेजारी तेवढीच आणखी एक जोडी होती. अगदी सरळ, एकही भोक नसलेली.

खाली बाबा दोऱ्याला मेण लावत बसले होते.

"बाबा, हे कोणाचे?"

"तुझेच."

"माझे पाय कधी सरळ होते?"

"तुझी आई पोटुशी होती तेव्हा केले. माझे पाय मला ठाऊक होते, तुझे नव्हते. म्हटलं, दोन्ही करून ठेवू. पोर चालायला लागल्यावर धावाधाव नको."

"भीती नाही वाटली?"

"वाटली तर! म्हणून तर हात चालवत राहिलो." बाबांनी दोरा खाली ठेवला. "राग आहे का रे तुझा माझ्यावर?"

हा प्रश्न त्यांनी पस्तीस वर्षं पोटात ठेवला होता, हे त्याला आत्ता कळलं आणि रडूच फुटलं. "आहे ना," तो डोळे पुसत म्हणाला. "बुटांच्या रंगाचा."

दुपारी बायको डबा घेऊन आली. दोन्ही जोड्या तेल लावून खिडकीत ठेवल्या होत्या.

"हे काय?"

"यातली एक लागेल. कुठली, ते नाही माहीत."

ती बघतच राहिली. मग डबा तसाच ठेवून त्याच्याजवळ बसली, त्याचा तेलकट हात तिने घट्ट धरला.

"रंग मी ठरवणार," ती म्हणाली. "काळा आणलास तर याद राख!"