रावजींचे सुंदर शब्द

रावजी बंदर खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. नोकरीभर या गृहस्थाने आल्यागेल्याला धरून रोज एक सुंदर इंग्रजी शब्द अर्थासह ऐकवला होता. इंग्रजी बोलता येत होतं म्हणावं, तर तेही नाही. गणपतीपुळ्याची वाट विचारणाऱ्या एका गोऱ्या जोडप्यासमोर ते नुसते हात जोडून उभे राहिले होते. शब्द मात्र जमवलेले, आणि तेही कुणाच्या उपयोगी पडणार नाहीत असे निवडून.

अठ्ठ्याण्णव सालापासून हे सगळं मथुरेच्या नशिबी आलं. मथुरा ही रावजींच्या थोरल्या भावाची बायको. रत्नागिरी शहराला खेटून असलेल्या वाडीत दोघांची घरं एकाच अंगणात होती. रावजींनी आपल्या घरावर ‘हॅल्सियन’ अशी पाटी लावली. परसातल्या कलमांनाही नावं दिली. त्यातल्या ‘सेरेंडिपिटी’ला, म्हणजे अवचित लाभाला, आजवर एकही आंबा धरला नाही. मथुरा तिच्यावर गोधड्या वाळत घालायची.

“वैनी, मेलिफ्लुअस. म्हणजे मधाळ,” रावजी सकाळी चहाला येऊन सांगत.

“मंग मधाळच म्हना की. त्येला काय झालाय?”

“त्यात ती नजाकत नाही.”

“चाय घ्या. निवतेय.”

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं ती मनात म्हणायची. तिला दिराची चीड येत नसे, कीव तर मुळीच नाही. ओसरीवर येऊन बसलेल्या माशीबद्दल वाटतं, तेवढंच वाटे. एक ‘हॅल्सियन’ तेवढा तिला बरा वाटला होता. समुद्र निवांत असतो ते दिवस, असा त्याचा अर्थ होता. तिचा एकुलता एक यज्ञेश मालवाहू जहाजावर खलाशी होता. पण हे तिने रावजींना जन्मात सांगितलं नसतं.

मग थोरला भाऊ गेला, आणि शिमग्यातला गाऱ्हाण्याचा मान रावजींकडे आला. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघर फिरते. अंगणात टेकते, नारळ ठेवला जातो आणि मानकरी त्या घराचं सुखदुःख देवापुढे बोलतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार द्यायचा. गाऱ्हाण्यात जे बोललं गेलं नाही, ते देवाच्या कानी पडलंच नाही, असं वाडी मानते. बायकांनी मागे उभं राहून हात जोडायचे असतात.

त्या वर्षी यज्ञेशचा दिवाळीनंतर फोन नव्हता. त्याला जहाजावर लावून देणारा मुंबईचा एजंट फोन उचलत नव्हता. जहाज कुठे आहे, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मथुरेने आयुष्यात पहिल्यांदा दिराकडे काही मागितलं.

“भावजी, दुसरं कायबी बोलू नका. यज्ञेशचं नाव घ्या नि त्याला घरी आन म्हना. येवढंच.”

“वैनी, तुम्ही निश्चिंत राहा. असं गाऱ्हाणं या वाडीत झालं नसेल.”

आणि तसं खरंच कधी झालं नव्हतं. पालखी टेकली, ढोल थांबले. रावजींनी डोळे मिटले, आवाज लावला.

“हे देवा म्हाराजा, या वास्तूवर तुझं एफल्जन्स अखंड झळकू दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अंगण गरजलं.

“या कुटुंबाला पावलोपावली सेरेंडिपिटी लाभू दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि यांचं सुख एफेमरल न ठरो रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

रावजींनी डोळे उघडून चारी बाजूंना पाहिलं. चेहरा तृप्त होता. नाव घ्यायचं राहिलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. भोई पालखीला खांदा द्यायला वाकले.

“थांबा,” मथुरा पुढे आली. ती ढोलवाल्या परशुरामाकडे वळली. “तू व्हय म्हनलास. कशाला म्हनलास?”

परशुराम गांगरला. “सगळी म्हनाली, काकी.”

तिने सगळ्यांकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, एकटे रावजीच पोकळ आहेत. इथे तर अख्खं अंगण तसंच होतं. यांच्यासमोर कुणी जहाज बुडू दे म्हटलं असतं, तरी यांनी व्हयच म्हटलं असतं. तिला त्या सगळ्यांची शिसारी आली.

तिने पदर खोचला आणि पालखीसमोर उभी राहिली.

“देवा म्हाराजा, माझा यज्ञेश जहाजावर गेलाय. दिवाळीपास्नं त्याचा आवाज नाय. जिता आसंल तर त्याला घरी आन. नसंल तर तसं सांग. मी वाट बगून दमलेय रे म्हाराजा!”

बाईच्या गाऱ्हाण्याला होकार द्यायचा असतो का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुरुष एकमेकांची तोंडं बघत राहिले. रावजी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत होते.

मथुरेने जराशी वाट पाहिली. मग पालखीवरची नजर न हलवता तीच म्हणाली, “व्हय म्हाराजा.”