ताणलेले पाय

आगरदांड्याच्या धक्क्यावर करमअली हमालाला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मचव्याची वाट बघताना बाकीचे विड्या ओढत. हा येरझारा घाली, हात झटकी, मध्येच उठाबशा काढी. मग भाताचं पोतं पाठीवर घेऊन अरुंद फळीवरून झपझप मचव्यात जाई.

एकोणीसशे एकतीसच्या थंडीत मात्र त्याच्या पोटऱ्या आखडू लागल्या. चाळिशी उलटलेली. ‘फळीवर पाय चुकला तर?’ हा किडा डोक्यात शिरला आणि झोपच उडाली. मुरुडच्या तालमीतला मावसभाऊ फकरुद्दीन म्हणाला, “आखडलेली शीर ताणून धर. लवकर सोडू नको.”

दुसऱ्या दिवशी करमअली येरझारा विसरला. कठड्यावर टाच ठेवून, कमरेत वाकून, एकेक पाय ताणून उभा राहिला, तो थेट मचवा लागेपर्यंत. पाय हलके झाल्यासारखे वाटले. पण पोतं घेऊन फळीच्या मध्यावर आला आणि गुडघ्यांतला जोरच गेला. फळी हलली, पाय सावरायला उशीर झाला, तो पोत्यासकट खाडीत पडला.

घोटा सुजून तो घरी पडला. उठे, लंगडत दारापर्यंत जाई, परत येई. बायको अतिया वैतागली. “त्या दिवशी येगळं काय केलंत?”

त्यानं सांगितलं.

“बाजेची दोरी लई ताणली की सैल पडते. पायाचं न्हाय का तसंच झालं?”

करमअली हसला, पण चैन पडेना. घोटा बरा होताच त्यानं अंगणात ओंडका आडवा टाकला. पाय बराच वेळ ताणून वर चढला, तर डुगडुगला. दुसऱ्या सकाळी नुसता भराभर चालून, उठाबशा काढून चढला. नीट उभा राहिला.

“ताणायचं तर काम उरकल्यावर ताणा,” अतिया म्हणाली.

धक्क्यावर परतल्यावर येरझारा, उठाबशांनी अंग तापवूनही फळीपाशी त्याचे पाय थबकले. मुकादम सदा ओरडला, “चढतोस, का दुसऱ्याला बोलवू?”

“चढतो,” म्हणत तो गेला. फळी हलली, पाय वेळेवर सावरला. पोतं मचव्यात टाकलं. खाली पाण्याकडे न बघता तो तसाच वळला आणि दुसरं पोतं आणायला निघाला.