सांडव्यात बसून घेतलेला चहा

मुंबईतल्या नाहूरहून निघायचं ठरलं ते सुमनच्या एका वाक्यामुळे. सुमन माझी धाकटी बहीण. मुरबाडच्या पुढे एका खेड्यात एकटीच राहते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिला तिथंच राहायचंय. फोनवर सहज म्हणाली, "दादा, यंदा भर उन्हाळ्यात परसात ओल आहे. अळू काय माजलंय!"

तिच्या परसामागे मातीचा बांध आहे. नाल्याचा पूर अडावा, पाणी जमिनीत मुरावं म्हणून घातलेला. बांधाच्या मागे तलाव. मी सातवीपर्यंत शिकलोय, पण ओल म्हणजे काय ते मला कळतं. आमच्या बिल्डिंगमध्ये छताला ओल आली की पुढच्या पावसाळ्यात प्लास्टर अंगावर येतं. इथं तर वर अख्खा तलाव. पाऊस लागायच्या आत सुमनला नाहूरला आणायचं, असं ठरवून मी निघालो.

ज्यांना त्या बाजूला जायचंय त्यांच्यासाठी सांगतो. कल्याणहून मुरबाडची एसटी धरावी. पंचाहत्तरी झालेल्यांना तिकीट नाही, पण आधारकार्ड वरच्या खिशात ठेवा. मी ते इतकं जपून ठेवलं होतं की मलाच सापडेना. कंडक्टर म्हणाला, "राहू द्या बाबा, तोंडावरनं दिसतंय." मुरबाडला वडापाव गरम मिळतो, चटणी बेताने घ्या. पुढे जीप. ती खचाखच भरल्याशिवाय हलत नाही. तिचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून मी ते सगळी वाट धरून बसलो. शेवटी शेजारची बाई म्हणाली, "बाबा, सोडा ते. तुम्ही ओढताय म्हणून उघडतंय."

पोचल्यावर चहाही न घेता मी परसात गेलो. बांधाच्या पायथ्याशी जमीन चिकचिकीत होती. पिशव्या खाली न ठेवता म्हटलं, "सुमन, कपडे भर."

"आधी हातपाय धू," ती म्हणाली. "मी इथं चाळीस वर्षं नांदले. तुझ्या खोलीत येऊन काय करू, छताकडं बघत बसू?"

दुसऱ्या दिवशी बांधाची पाहणी करायला इंजिनिअर साहेब येणार होते. नव्यानेच आलेले, तरणेबांड. सरपंचांनी त्यांची बडदास्त छान ठेवली होती. सरपंच म्हणजे बाळू, सुमनच्या चुलत दिराचा मुलगा. बांधाच्या एका टोकाला सिमेंटची ऐसपैस फरशी आहे. तिच्या पाण्याकडच्या बाजूला छातीएवढी भिंत, भिंतीवर 'पाण्याचा थेंब थेंब वाचवा', आणि मधोमध काळी कोनशिला, सोनेरी अक्षरांत पुढाऱ्याचं नाव. समोर खुर्च्या मांडलेल्या. जागा खरंच सुंदर, वारा भरपूर. गावातले सगळे सत्कार इथेच होतात म्हणे. सुमन आणि मीही जाऊन बसलो. चहाबरोबर भजी होती.

"साहेब, बांध पाझरतोय," मी म्हटलं.

"बाबा, कागदावर नाव काय आहे? पाझर तलाव. पाझरणारच."

"मग फुटला तर काय, फुटका तलाव लिहाल?"

साहेब समजूतदार होते, हसले. "पायथ्याला येणारं पाणी स्वच्छ आहे तोवर घाबरू नका. गढूळ यायला लागलं तर लगेच कळवा."

"कुणाला?"

"मला. फक्त माझी बदली व्हायची आहे."

मला हे पटलं नाही. मी विचारलं, "आणि पावसात तलाव काठोकाठ भरला तर जास्तीचं पाणी जाणार कुठून?"

"सांडव्यावरून. पक्कं बांधकाम असतं ते, मातीपेक्षा खालच्या पातळीला. पाणी तिथून निघून जातं, बांधावर चढत नाही." साहेबांनी नकाशा उघडला, बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "सरपंच, सांडवा कुठंय?"

बाळू कौतुकानं म्हणाला, "साहेब, सांडव्यातच बसलाय की तुम्ही."

साहेब कप घेऊन उभे राहिले. भज्यांची बशी खाली पडली.

"ही भिंत कुणी घातली?"

"गावानं. पाणी सांडून वाया जायचं ना दरसाल. आता थेंब सांडत नाही."

साहेबांचा चेहरा पाहून मला कळलं की मी आजवर चुकीच्या ओलीची काळजी करत होतो. भिंत घातल्यापासून मोठा पाऊस झालाच नव्हता, म्हणून बांध उभा होता. आता पाणी चढलं असतं तर सरळ मातीवरून गेलं असतं, माती वाहून बांध फुटला असता, आणि बांधाखाली पहिलं घर सुमनचं.

"ताबडतोब पाडा," साहेब म्हणाले. "म्हणजे मी तसा प्रस्ताव पाठवतो. कोनशिला आहे, परवानगी लागेल."

"घालायला लागली नव्हती?" मी विचारलं.

"घालताना आम्हाला कुणी विचारलं नाही."

साहेब गेले. बाळू म्हणाला, "काकी, नाव कोरलेलं कसं पाडायचं? पुढारी रुसतील. आणि पाणी सांडणं बरं का?"

"मेल्या," सुमन म्हणाली, "वाफ वाया जाते म्हणून कुकरच्या शिट्टीला बूच मारशील का? भिंत पडेस्तोवर मी तुझ्याकडं राहायला येते. आणि दादाही."

कपडे भरले ते असे, बाळूच्या घरी जायला.

त्याचं घर उंचावर आहे, पण छताचा एक वासा मला बरा वाटला नाही. सिलेंडर चुलीच्या फार जवळ होता. विहिरीला कठडा नव्हता. हे सगळं मी बाळूला वेळोवेळी सांगत होतो, आणि जाग आली की भिंतीचं काय ठरलं तेही विचारत होतो. बाळूची बायको फार चांगली, नाचणीची भाकरी उत्तम करते. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "अहो, एक तर ती भिंत पाडा, नाहीतर मी माहेरी जाते." त्याच दुपारी बाळूनं चार माणसं आणि घण घेऊन भिंत पाडली. परवानगी अजून आलेली नाही.

सुमन माझ्याबरोबर आली नाहीच. जीपपाशी म्हणाली, "आता कशाला येऊ?" अळूची पानं मात्र एवढी दिली की नाहूरच्या तीन शेजाऱ्यांकडे अळूवड्या झाल्या.

घरी परतल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही. एक भिंत मला दिसली, कारण तिथं माझी बहीण होती. आता प्रत्येक बांधाखाली कुणाची तरी बहीण दिसते, आणि मी सगळ्यांकडे राहायला जाऊ शकत नाही.

काल तिकडे मोठा पाऊस झाला. फोन केला तर पलीकडून धबाधब आवाज. "सुमन! काय फुटलं?"

"काही नाही रे, धुणं आपटतेय. ती कोनशिला कुणी घरात ठेवीना, मी आणून परसात उलटी टाकलीय. गुळगुळीत आहे, साबण लागतो कमी."

"आणि सांडवा?"

"सांडतोय," ती म्हणाली आणि पुन्हा आपटायला लागली.