पंचनाम्याआधीची भिंत

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही जरीपटका वस्तीच्या पलीकडे नाल्याकाठी राहत होतो. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पोरगी सहा महिन्यांची. नाल्याला पूर आला आणि आमच्या मातीच्या घराच्या तीन भिंती एका दुपारी बसल्या. चौथी राहिली. तीही गेली असती तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणते.

सरकारची मदत जाहीर झाली. पूर्ण पडलेल्या घराला नवं घर बांधण्यापुरती, थोड्या पडलेल्याला डागडुजीपुरती. पण आधी पटवारी येऊन पंचनामा करणार होता. शेजाऱ्याने धोका नको म्हणून उरलेली भिंत स्वतःच पाडली, तर यादीतून त्याचंच नाव कापलं गेलं. घर पुराने पडलं कशावरून, म्हणे! तेव्हापासून आमचे सासरे भिंतीला कुणाला बोट लावू देईनात. नवऱ्याने टेकू द्यायला बल्ली आणली, तीही त्यांनी परत पाठवली.

"टेकू दिसला का पटवारी म्हणन घर उभंच आहे. पडू दे तिले आपल्या मनानं."

"अन् कोनाच्या अंगावर पडली तर?" मी विचारलं.

"काहून अभद्र बोलतं वं?"

जागा सोडून जाता येईना. पंचनाम्याला घरची सगळी माणसं हजर नसली तर मदत बुडते, असं सगळे सांगत. म्हणून त्याच भिंतीला ताडपत्री बांधून आम्ही तिच्या पायाशी राहिलो. पोरीची झोळीही तिच्याच खुंटीला. दुसरा आधार होता कुठे? रोज सकाळी झोळीत माती सापडे. आधी चिमूटभर, मग मूठभर. भिंतीच्या भेगेत सुरुवातीला बोट जाई, पुढे अख्खा हात जाऊ लागला. घरातले सगळे हळू बोलायला लागले होते. मी तर भिंतीकडे पाठ करून कधी बसलेच नाही.

सासरे दुष्ट नव्हते. सगळी उमर गिरणीत गेली, पक्कं घर व्हावं एवढीच त्यांची हौस. त्यापायी त्यांना दुसरं काही दिसेनासं झालं होतं, आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा.

शेवटी पटवारी आला. भिंतीपासून चांगला लांब उभा राहिला. "एक भिंत उभी आहे," तो म्हणाला, "थोडी पडझड लिहितो."

"साहेब, आज ना उद्या पडते ते!" सासऱ्यांनी हात जोडले.

"पडली तर पुन्हा अर्ज करा. कोणी दगावलं तर त्याची मदत वेगळी असते. जास्त असते."

तो बिचारा नियम सांगत होता. सासऱ्यांनी विचारलं, "किती?"

त्यांच्या तोंडून ते निसटलं असावं. पटवारी रक्कम सांगू लागला, पण ती ऐकायला मी थांबले नाही. झोळीतून पोरीला उचललं, ताडपत्रीबाहेर आले आणि सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हटलं, "मी माह्या मायकडे चालली. भिंत पाडाल तवाच घ्याले या."