चित्र हॉलमध्ये, आवाज आतल्या खोलीत

फोन आला तेव्हा मी रिची स्ट्रीटवरच्या एका अरुंद दुकानात उभी होते. दुकानदार काचेच्या कपाटातून अडॅप्टर काढून काउंटरवर मांडत होता आणि मी तुटक तमिळमध्ये त्याला सांगत होते की टीव्हीकडे जाणाऱ्या केबलमधून आवाज वेगळा काढून देणारा हवा, हेडफोनसाठी एक भोक आणि स्पीकरसाठी लाल-पांढरी भोकं असलेला. घरातला आदल्याच दिवशी बंद पडला होता. सुधाअक्का हॉस्पिटलमधून परत आली की तो लागणार होता. फोन तिच्या चुलतभावाचा होता, तंजावरहून आलेल्या मुरलीचा. तो फार थोडं बोलला. मी 'सरी' म्हणाले. 'बरं' या अर्थाचा हा शब्द मी चेन्नईत दिवसभर वापरत असते... त्या क्षणी तो तोंडातून कसा निघाला, मला सांगता येणार नाही. दुकानदाराने विचारलं, यातला कोणता देऊ? मी कोणताच नको म्हणाले आणि बाहेर पडले.

सुधाअक्का माझी नात्याने कुणी नव्हती. नोकरीसाठी मी नाशिकहून इथे आले, ऑफिस गिंडीला, आणि अण्णा नगरमध्ये तिच्या घराच्या वरची खोली मला भाड्याने मिळाली. खाली ती आणि तिची आई, दोघीच. तिच्या आईला मीही अम्माच म्हणू लागले. घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तिकडेच गेलेल्या. त्यांची मराठी मला सुरुवातीला अर्धीच कळायची, कारण ती जुनी होती आणि मध्येच तमिळमध्ये शिरून परत यायची. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मी विचारही इंग्रजीतच करते, त्यामुळे पहिले काही दिवस मी त्यांच्याशी इंग्रजीच बोलले. अक्का शाळेत गणित शिकवायची, खपवून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. "नाशिकची म्हणे ही," ती अम्माला माझ्यादेखत म्हणाली, "आणि बोलते बघ कशी, बँकेतून कर्ज हवं का विचारायला फोन केल्यासारखी." मला हसू आलं, आणि त्या दिवसापासून मी त्या घरात मराठी बोलायला लागले.

मी फारशी बोलत नाही. अशा माणसाला सगळे 'बोल की' म्हणतात, आणि ते म्हटल्यावर उरलेसुरले शब्दही पळून जातात. अक्काने ते कधीच म्हटलं नाही. मी खाली गेले की ती शेवग्याच्या पाल्याची एक जुडी माझ्यापुढे ठेवायची. पाला निवडता निवडता मी काही बोलले तर ती ऐकायची, नाही बोलले तर तेही चालायचं. अम्माला ऐकू कमी यायचं. कानातलं यंत्र कपाटात पडून असायचं, कारण ते घातलं की कानात किडा बसल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. म्हणून संध्याकाळच्या मालिकेचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. अक्का अम्माच्या शेजारी बसून त्या मालिकेची मनसोक्त टिंगल करायची, एक भाग मात्र चुकवायची नाही. अम्माला टिंगल ऐकू यायची नाही, पण लेक हसली की तीही हसायची. त्या दोघींचा दिवस त्या अर्ध्या तासाकडे चाललेला असायचा, हे मला वरून जिना उतरतानाच कळायचं.

मग अक्काच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण सगळी गाठ निघण्यासारखी नव्हती. तिला उजेड सोसेनासा झाला, आणि मोठा आवाजही. आतल्या खोलीला जाड पडदे लागले. डॉक्टरांकडे तिला बहुतेक वेळा मीच रिक्षाने नेत असे, त्यामुळे ते काय म्हणाले ते मला माहीत होतं. अम्माला सांगायचं नाही, एवढंच अक्का रिक्षात म्हणाली. घरी येऊन तिने अम्माच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, गाठ आटत चाललीये, वेळ लागेल इतकंच. अम्माने मान डोलावली आणि भात लावायला उठली.

त्यानंतर अम्माने टीव्ही लावणंच सोडलं. हळू आवाजात तिला काही कळायचं नाही आणि मोठा आवाज लेकीला सोसायचा नाही. संध्याकाळी ती बंद टीव्हीसमोर तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसून राहायची. अक्काला हे पडद्याआडून दिसत नव्हतं, तरी कळत होतं. डोकं फुटलं तरी चालेल, ती मला म्हणाली, पण अम्मा माझ्यामुळे भिंतीकडे बघत बसते, हे नको. आणि मलाही ती रडकी मालिका हवी आहे, तिथे काय चाललंय कोण जाणे. काहीतरी कर, कन्ना. लाडाने ती मला हेच म्हणायची.

काम तसं लहानच होतं. सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीकडे जाणाऱ्या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. पत्त्यांच्या कॅटाएवढा तो अडॅप्टर मध्ये बसवला. चित्र त्यातून पुढे टीव्हीत गेलं आणि आवाज बाजूला निघाला. टीव्ही मुका केला. हेडफोनची लांब वायर अम्माच्या खुर्चीपर्यंत आणली. आवाजाचं बटण वायरवरच होतं, ते अम्माने पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत फिरवलं. लाल-पांढऱ्या भोकांमधून निघालेली दुसरी वायर कपाटामागून आतल्या खोलीत नेली आणि अक्काच्या उशाशी एक छोटा स्पीकर ठेवला, कुजबुजीइतका हळू. मी हे सगळं गुडघ्यांवर बसून, काही न बोलता केलं. पहिल्या संध्याकाळी अम्माची तक्रार आली की ही माणसं बोलून झाल्यावर तोंड हलवतात. टीव्हीचं चित्र आवाजाच्या किंचित मागून येत होतं. आतून अक्काचा आवाज आला, त्यात काय, आमच्या हेडमिस्ट्रेस बोलून झाल्यावर विचार करायच्या. मी ते अम्माच्या कानात सांगितलं. अम्मा इतकी हसली की हेडफोन घसरून गळ्यात आला.

चित्र अम्माकडे होतं आणि आवाज दोघींकडे. मी दोन्हींच्या मध्ये, उंबऱ्यावर बसायचे. पडदा थोडा बाजूला सारून मला टीव्ही दिसायचा, पण उजेड पलंगापर्यंत जायचा नाही. जिथे नुसतंच संगीत वाजायचं तिथे अक्का विचारायची, काय चाललंय? मी सांगायचे की नायिका उभी आहे. "कोर्टात साक्ष देतेस का?" ती म्हणायची. "कशी उभी आहे ते सांग. साडी कुठली? सासू कुठे बघते?" इतकं सलग बोलायची मला सवय नव्हती. पण अंधारात तोंड करून बोलणं सोपं असतं, समोर चेहरा नसतो. हळूहळू मी साड्यांच्या काठांपर्यंत पोचले. आवाज चित्राच्या पुढे असल्यामुळे अक्का कधीकधी माझ्याआधी हसायची, आणि ती कशाला हसली ते मला नंतर दिसायचं.

हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही. अम्मा मालिकेतल्या माणसांशी बोलायची. तिला वाटायचं आपण पुटपुटतो आहोत, पण ते सगळ्या घराला ऐकू यायचं. खलनायिकेला ती अशा काही तमिळ शिव्या द्यायची की अक्का उशीत तोंड खुपसून हसायची. थोड्या दिवसांनी अक्काने मला स्पीकर आणखी हळू करायला सांगितला. मग आणखी हळू. मालिका राहू दे, ती म्हणाली, मज अम्माचं ऐकू दे.

असंच एकदा मालिकेत हॉस्पिटल आलं. नायिका पलंगावर पडून आईला फोनवर सांगत होती की मी आता पुष्कळ बरी आहे. मी उंबऱ्यावरून चादरीचा रंग सांगायला तोंड उघडलं, आणि हॉलमधून अम्माचा आवाज आला. तो शांत होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"खोटं सांगते. माझी पण असंच सांगते. मी पण सरी, सरी म्हणते. तिला वाटतं, अम्माला ऐकू येत नाही म्हणून कळत पण नाही."

अंधारातून अक्काचा हात आला आणि माझं मनगट शोधून थांबला. तिने मला विचारलं नाही की मी सांगितलं का. तिला ते विचारावं लागलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. तिला बोलव, ती म्हणाली, टीव्ही राहू दे चालू.

मी अम्माच्या कानावरचा हेडफोन काढला आणि आत बोट दाखवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि भिंतीला हात लावत लावत आत आली. पलंगाच्या कडेवर बसली. आणि मग आम्हाला कळलं की त्या दोघींना बोलता येत नाही. अक्काचा आवाज तोवर अगदी बसला होता. अम्माला ऐकू जाईल इतकं मोठं तिला बोलता येत नव्हतं, आणि अंधारात अम्माला तिचे ओठही दिसत नव्हते. अक्का काहीतरी पुटपुटली. अम्मा म्हणाली, काय? अक्का परत पुटपुटली. मी उठून त्यांच्या मध्ये जाऊन बसले. आधी अक्काच्या तोंडाशी कान नेला, मग अम्माच्या कानाशी तोंड.

"अम्मा, ती म्हणते, तिला भीती वाटते."

अक्काने माझी ओढणी ओढली. "तसं नको, कन्ना. मी म्हणते तसंच म्हण."

"अम्मा," मी म्हणाले, "मज भीती वाटते."

हे वाक्य मी याआधी कुणालाही म्हटलेलं नव्हतं, कुठल्याच भाषेत. माझ्या आईलासुद्धा नाही. अम्मा माझ्याकडे वळली नाही. तिचा हात चादरीवरून चाचपत वर गेला आणि अक्काच्या कपाळावर थांबला.

"मज पण गे," अम्मा म्हणाली. "मज पण वाटते."

त्यानंतर त्या बराच वेळ बोलल्या, आणि पुढच्या संध्याकाळीही. अक्काचं सगळं माझ्या तोंडून गेलं. पण ते माझं नाही, म्हणून इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की त्यात हसणंही होतं, कुणाच्या तरी लग्नात खिरीत पडलेल्या चष्म्यावरून. आणि अक्काला हॉस्पिटलमध्ये नेलं त्या सकाळी अम्माने तिला बरी होशील असं सांगितलं नाही. तिने तिची वेणी घातली, उरले होते तेवढ्या केसांची.

अक्काचे दिवसवार झाल्यावर मुरलीला एक दिवस टीव्हीमागे बंद पडलेला तो अडॅप्टर दिसला. त्याने तो काढून टाकला, केबल सरळ टीव्हीला जोडली आणि पेरिअम्माला, म्हणजे त्याच्या या थोरल्या काकूला, नीट ऐकू यावं म्हणून आवाज पुष्कळ मोठा केला. घर एकदम भरून गेलं. अम्मा उठली, तिने रिमोट घेतला आणि पडद्यावर शून्य येईपर्यंत बटण दाबत राहिली. मुरली चांगला माणूस आहे. तो तिच्या कानाशी जाऊन हळुवारपणे म्हणाला, आता कुणाला त्रास व्हायचा आहे, पेरिअम्मा? "नको," अम्मा म्हणाली. "फार मोठा आहे."

शनिवारी मी परत रिची स्ट्रीटला जाऊन आले. नवा अडॅप्टर जोडत असताना अम्मा माझ्यामागे उभी होती. हेडफोनची वायर लावून झाली आणि मी उठायला लागले, तेव्हा तिने कपाटामागे हात घातला, आतल्या खोलीकडे जाणाऱ्या लाल-पांढऱ्या वायरची टोकं बाहेर ओढली आणि माझ्या हातात दिली. मी ती लावली.

आता ऑफिसातून आले की मी स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला निवडत बसते. अम्मा हॉलमध्ये हेडफोन लावून, आतली खोली रिकामी, तिथे स्पीकर हळू चालू. मालिकेतलं कुणी काही बोलेनासं झालं, नुसतं संगीत वाजू लागलं, की अम्मा आतल्या दाराकडे तोंड करून सांगायला लागते. आपला आवाज किती दूर जातो हे तिला माहीत आहे की नाही, मी विचारलेलं नाही. हिरवी साडी आहे बघ, ती सांगते. सासू दाराआड उभी आहे. हिच्या हातात तोच डबा... आता रडेल, थांब. मग अम्मा जरा वेळ गप्प बसते, तिकडचं हसून होईपर्यंत, आणि पुढचं सांगते.