चुलीवरची काडतुसे

ती घटना माझ्या मनातून कधीच गेली नाही. मी तेव्हा महाडला फौजदार होतो. पावसाळा सरत आला होता. पोलादपूरच्या वरच्या जंगलात एका लाकूडठेकेदाराच्या मुकादमाला कोणीतरी गोळी घालून ठार केले. पंचनामा करून आम्ही प्रेत महाडला आणले. डॉक्टरांनी छातीतली गोळी अखंड काढून दिली.

खबर ठेकेदारानेच आणली. "वरच्या वाडीत एक पेन्शनर शिपाई राहतो. त्याच्याकडे लढाईतून आणलेलं रिव्हॉल्व्हर आहे. मुकादमानं त्याचा फणस तोडला, तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता, गोळी घालीन."

हवालदाराला घेऊन मी वाडी चढलो. म्हाताऱ्याने काही लपवले नाही. तेलकट फडक्यातले रिव्हॉल्व्हर काढून पुढे ठेवले. परवाना नव्हता. काडतुसांचा डबा चुलीवर टांगलेल्या फळीवर होता. आमच्याकडे पावसात कोरडे राहायला हवे ते सगळे त्या फळीवर जाते, बियाणे, मीठ, सुकी मासळी.

"धमकी दिली होतीस?"

"दिली व्हती. फणस बायकोनं लावलेला, सायेब."

"म्हणून मारलंस?"

"नाय."

हवालदार खेकसला, "म्हाताऱ्या, फासावर जाशील. खरं बोल."

"जाईन. पण केलं नाय ते केलं कसं म्हनू?"

मी डबा उघडला. काडतुसांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. चुलीवर ठेवलेली वस्तू इतकी ओली कशी, म्हणून चुलीत हात घातला. राखेचा दमटून गोळा झाला होता.

"चूल पेटवत नाहीस?"

"ती गेल्यापासून नाय. एकट्यासाठी काय पेटवू? शेजारीन भाकर देते."

त्याला कोठडीत ठेवले आणि कवायतीच्या मैदानावर त्याची काडतुसे उडवून पाहिली. चाप ओढला की नुसता टक् आवाज यायचा. एक मात्र फुसकन पेटले आणि गोळी नळीतच अडकली.

"साहेब, यानं कोंबडीसुद्धा मरायची नाय," हवालदार म्हणाला.

पण डब्यात एखादे चांगले काडतूस असेल आणि तेच उडाले असेल, असे सरकारी वकील म्हणाला असता. म्हणून बाजारातल्या सोनाराचा काटा मागवला. म्हाताऱ्याच्या काडतुसातली गोळी काढून तोलली. दीड तोळा भरली. प्रेतातली भरली सव्वा तोळा. जाडी सारखीच, वजन वेगळे.

तालुक्यात त्या जाडीच्या नळीचे परवान्याचे हत्यार एकच होते, ठेकेदाराचे. जबाबाला बोलावून मी त्याला चहा दिला आणि काडतुसांचा विषय काढला.

"मी हलकी गोळी घेतो," तो ऐटीत म्हणाला. "जड गोळीनं मनगटाला झटका बसतो. दुकानदार जड घ्या म्हणत होता, मी ऐकलं नाही."

त्याच्याच पेटीतली गोळी त्याच्यासमोर तोलली. सव्वा तोळा. चहा तसाच राहिला. आपली हद्दीबाहेरची झाडतोड मुकादम जंगलखात्याला कळवणार होता म्हणून गोळी घातली, हे त्याने नंतर मॅजिस्ट्रेटपुढे कबूल केले.

बिनपरवाना हत्यार जप्त करून म्हाताऱ्याला ताकीद देऊन सोडले. तरी तो ठाण्याच्या पडवीत बसून राहिला.

"काय रे, कोठडी गोड लागली काय?" हवालदाराने थट्टा केली.

"गोड कसली? पन हितं ताट ठेवताना कोनतरी 'जेव' म्हनतं."

हवालदार आत गेला. त्याने आपल्या स्वयंपाकातले ताट वाढून आणले आणि समोर बसला.

पुराव्याने निर्दोष माणूस फासावरून वाचतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले. वाचलेला माणूस पुढे कुठे जातो, हे मात्र तपासाच्या कागदांत कधी येत नाही. काही वर्षांनी माझी पत्नी वारली आणि घर रिकामे झाले, तेव्हा ते मला नीट कळले. त्या दिवशी म्हातारा जेवून उठला, हात धुतले आणि काही घाई न करता वाडीच्या वाटेला लागला. सुटल्याचा आनंद त्याच्या चालण्यात कुठेच नव्हता.