छपरं उडालेली अक्षरं

भांडुपच्या टेंभीपाड्यातल्या आपल्या छोट्या डीटीपीच्या दुकानात वसुधा पेडणेकर एकटी बसलेली असली, तरी तिला कीबोर्ड वाजताना ऐकू यायचा. ऑल्टची कळ दाबून धरलेली, मग चार आकडे. टक, टक, टक, टक. तिचा नवरा रामनाथ असाच टाइप करायचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

लग्नपत्रिका, पूजेची आमंत्रणं, निधनाची कार्डं दोघांनी मिळून वीस वर्षं जुळवली. त्या काळच्या मराठी फाँटची एक गंमत होती. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. परदेशी तक्त्यात २३३ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला é; ऑल्ट दाबून ०२३३ मारलं की तो उमटतो. फाँटवाल्यांनी त्याच घरात मराठी अक्षर भाडेकरू म्हणून ठेवलेलं. फाँट गेला की भाडेकरू गायब आणि मूळ मालक दारात उभे: é, è, ê, ë. कुठल्या आकड्यावर कुठलं मराठी अक्षर, याचा तक्ता रामनाथने हाताने लिहून भिंतीला चिकटवला होता.

जुना संगणक कायमचा बसला, तेव्हा मुलीने, मानसीने, त्यातल्या फाइली लॅपटॉपवर आणल्या. फाँट आला नाही. एका फाइलीचं नाव होतं ‘वसु’. तारीख चौदा मार्च.

त्या दिवशी रामनाथ हॉस्पिटलमधून एकटाच परतला होता. “रिपोर्ट बरो इलो गो, भियाचा काय नाय,” म्हणत त्याने चहा मागितला. जूनमध्ये तो गेला. त्याला ठाऊक होतं का? हा प्रश्न तेव्हापासून रोज वसुधाच्या ताटाशी येऊन बसायचा.

शनिवारी तक्ता घेऊन ती फाइल अक्षर अक्षर लावायची, असं तिने ठरवलं. शुक्रवारीच मानसी हसत आली.

“आई, तुझी ती फाइल झकास साफ केली बघ! सगळी टिंबं, छपरं काढली.”

“काढली म्हणजे?”

“अगं, कचरा होता ना तो. आता सगळे साधे a, e, o.”

“जुनी ठेवलीस ना?”

मानसीचं हसू गेलं. “तिच्यावरच सेव्ह केली. आणि जुना संगणक तर भंगारात गेला.”

“ती चार वेगळी अक्षरं होती गं. आता चारही e. तक्त्यात कुठलं बघू मी?”

“वाट लागली,” मानसी पुटपुटली आणि खुर्चीत बसली.

वसुधाने तरीही फाइल उघडली. ओळींची लांबी तिला ओळखीची वाटली. मध्ये तारखेसाठी सोडलेली रेघ, खाली नावांची रांग. असा मजकूर तिने हजारदा जुळवला होता. बोडक्या अक्षरांतून तो हळूहळू वर आला. कळविण्यास अत्यंत दुःख होते की... नाव रामनाथचं. तारीख तेवढी भरायची राहिली होती.

म्हणजे चहा मागताना त्याला ठाऊक होतं. जूनमध्ये तिने त्याच मशीनवर रडत रडत त्याचं कार्ड जुळवलं, तेव्हा तयार कार्ड तिच्याच नावाखाली पडून होतं.

नावांच्या रांगेत बायको पहिली येते. तिथे तिचं नाव नव्हतं. एक लांब ओळ होती, कुठल्याच कार्डात नसते तशी. ती मात्र ओळखता येईना. पहिल्याच शब्दात तीन e.

“अंदाजाने लावूया ना, आई?”

“नको. मी लावलेली ओळ माझी होईल, तुझ्या बाबांची नाही.”

मानसी गेली. भर दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. वसुधाने ऑल्ट दाबून धरली. ०२३३. पहिल्या e वर रेघ चढली. ती बघत राहिली. मग खोडली. ०२३२.

आता कीबोर्ड खरंच वाजत होता.